बारा नंबर

फिदेलमामाच्या ट्रंकेत ट्रॉम्बोन निघाला,
बारीक नळीचा, जुना, बेलच्या कडेला एक पोचा.
आणि बिस्किटाच्या डब्यात, कापसात ठेवलेले
तीन माउथपीस, कावळ्याच्या अंड्यांसारखे.
एकावर बारा, एकावर सात,
तिसऱ्यावरचा नंबर झिजून गेलेला.

मी सात उचलला.
मोठी वाटी, मोठा आवाज,
असं वाटायचं वय माझं कधीच उलटलंय,
पण हात तिकडेच गेला.

वेंगुर्ल्याच्या फेस्ताला पहिल्यांदा उभा राहिलो बँडात.
चर्चपासून मासळी बाजारापर्यंत छातीत वारं भरलेलं,
खालचे सूर असे जाड, की भाजीवाल्या मागे वळल्या.
बाजाराच्या वळणावर ओठ मेले.
वरचा फा आलाच नाही,
जो आला तो पाव सुराने खाली बसला,
पाण्यात अर्धी बुडालेली होडी जशी.
क्लॅरिनेटवाल्या पेद्रूने वाजवता वाजवता
फक्त डोळे फिरवले माझ्याकडे.

मग मी कुरियरने आणखी मोठा मागवला.
(माणूस चुकला की आधी चूक वाढवतो.)
त्याचा दांडा नळीत जाईना.
तो घेऊन गेलो बंदरावर, सगुण मेस्त्रीकडे,
जो होड्यांच्या इंजिनांचे शाफ्ट लेथवर उतरवतो.
त्याने व्हर्नियर लावला, चष्मा कपाळावर सरकवला,
हाताचं ग्रीस पुसत पुसत म्हणाला,
"भायरसून कापतंय, दोन मिनटांचा काम.
पण आतला भोक तसाच रवतला.
ल्हान इंजिनाक मोठो पंखो लावलंस
तर होडी पळणा नाय, रे. थरथरता."
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मलाच पाजायला लावला.

रात्री डबा पुन्हा उघडला.
बिननंबरी उचलून दिव्याखाली फिरवला:
कडेची चांदी एकाच बाजूला गेलेली, डावीकडे.
मामाचा वरचा दात तिरका होता,
तो सगळा जोर तिथंच टेकायचा.
शवपेटीत त्याच्या ओठांवर मी पाहिला होता
एक फिकट गोल, डावीकडे जरा खोल,
तेव्हा वाटलं, मेणबत्त्यांचा उजेड असेल.
तो माउथपीस मी ओठांना लावला.
दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं झालं.
पुसून परत ठेवला.

बारा मात्र कोरा. चांदी जशीच्या तशी.
वाटी उथळ, घसा अरुंद, कड बोटाला गोल लागणारी.
मामाने तो कधी वाजवलाच नाही.
कुणासाठी घेतला असेल?
एकदा त्याने मला सा धरायला शिकवलं होतं,
ओठ मिटून, माशी उडवल्यासारखं फुर्र करून.
त्याच महिन्यात मी बँड सोडून फुटबॉलला गेलो.
या दोन गोष्टींचा काही संबंध असेलच असं नाही.
विचारणार कुणाला?

आता पहाटे जेट्टीवर जातो, सुकतीच्या वेळी,
चिखलातले बगळे सोडले तर ऐकणारं कुणी नसतं.
बारा नंबर लावतो.
खालचे सूर बारीक पडतात, हे खरं आहे.
सातातली ती चरबी यात नाही,
आणि अजून मला तिची आठवण येते.
पण वरचा फा
दीपगृहाच्या दिशेने सुटतो तेव्हा
नळी, वाटी, ओठ, दम,
कुणी कुणाला ढकलत नाही.
रोज नाही. काल दोनदा फाटला.

घरी आलो की एर्मेलिन हनुवटी धरते,
ओठांवरचा लाल गोल बघते,
विचारते, "खंय चावलो?"
मी पेज ओततो.
पहिला घोट
जरा झोंबतो.